मुलांसाठी स्वच्छ विनोद : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेनना (गुजरातीत बाईंना असं म्हणतात) 'जाडी आली, जमीन हलली' असं म्हटलं आणि स्वतःच पोट धरून हसला. 'जाडी' हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच, त्यामुळे त्यांना समजायला क्षणही लागला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, भांडी घासून निघून गेल्या. मी त्याला रागावले, दुसऱ्या दिवशी माफी मागायला लावली. पण संध्याकाळी जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं की ते वाक्य ज्या कार्यक्रमातलं होतं तो मीच त्याला लावून दिला होता. वर 'यू/ए ७+' (सात वर्षांवरच्या मुलांना चालेल, अशी खूण) लिहिलेलं होतं, शिवी एकही नव्हती, म्हणून मी निर्धास्तपणे स्वयंपाकघरात होते.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. घरात ही दोन मुलं (धाकटी सहा वर्षांची), सासूबाई आणि आम्ही दोघं. मुलं शाळेत इंग्रजी, खाली खेळताना गुजराती आणि घरात मराठी बोलतात. त्या दिवसापासून आठ महिने मुलांच्या हसण्याच्या गोष्टी मी स्वतः निवडते आहे. त्यात काय टिकलं आणि काय सोडून दिलं, ते इथे लिहिते.

आधी त्या खुणेबद्दल. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांपासून ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या ॲपवर, यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे पाच गट आहेत, आणि हा गट का दिला तेही एका ओळीत दाखवलेलं असतं: भाषा, हिंसा वगैरे. थिएटरमधल्या चित्रपटांच्या यूएलाही आता तसेच तीन टप्पे आहेत. ही ओळ वाचायची सवय जरूर लावून घ्या, मारामारी आणि शिवीगाळ त्यातून बरीच गाळली जाते. पण जाड माणूस, काळा रंग, तोतरं बोलणं, म्हाताऱ्या सासूचा विसरभोळेपणा, साडी नेसवून उभा केलेला पुरुष यांच्यावर जे हसवलं जातं, त्याची सूचना त्या ओळीत मला अजून एकदाही दिसलेली नाही. विनोदी म्हणून मुलांसमोर येणाऱ्या गोष्टींत हेच सगळ्यात जास्त भरलेलं आहे, आणि मुलं तेच उचलतात, कारण ते लगेच वापरता येतं. समोर जाड माणूस दिसला की झालं.

म्हणून मी एकच प्रश्न धरून बसले: हसताना बोट कुणाकडे जातंय? फजिती होणारा स्वतःच्या हट्टाने, घाईने किंवा बढाईने फसत असेल तर ठेवायचं. तो जसा दिसतो, बोलतो किंवा चालतो त्याबद्दल त्याला हसत असतील तर काढायचं.

सुरुवात पैसे भरून घेतलेल्या एका ॲपपासून केली. वर्षाची वर्गणी, मुलांचं वेगळं प्रोफाइल, सगळं रीतसर. तीन महिन्यांत बंद केलं. कार्टून मूळचं साधं असायचं, पण हिंदी डबिंगमध्ये वरून टोमणे घातलेले. चित्रात मांजर नुसती धावतेय आणि आवाजात ती कुणाच्या तरी बायकोला नावं ठेवतेय. शिवाय एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू, त्यामुळे मुलांनी काय पाहिलं हे मलाच सांगता येईना.

त्यानंतर यूट्यूब किड्सकडे वळले, तेही फक्त पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल अशी सेटिंग लावून. ही सेटिंग पुष्कळांना माहीत नसते, म्हणून सांगते. मुलाचं प्रोफाइल करताना वयाचे तीन गट दिसतात. ते सोडून खालचा मंजूर सामग्रीचा पर्याय घ्यायचा. मग एकेक चॅनेल किंवा एकेक व्हिडिओ आपण निवडायचा. मुलाला शोध घेता येत नाही, दिसतं ते आपण ठेवलेलंच. दोन मुलांची दोन प्रोफाइलं करता येतात आणि वेळेचं घड्याळही लावता येतं. पहिल्या रविवारी मी पाच तास बसून सत्तरेक व्हिडिओ पाहिले आणि एकतीस ठेवले. मेहनत आहे, हे खरं. यादी आपोआप वाढत नाही, दर पंधरा दिवसांनी तासभर काढावाच लागतो. आठ महिन्यांनंतरही मी तो काढते.

निवडताना एक युक्ती सापडली. दोन मिनिटं आवाज बंद करून पाहायचं. पुष्कळ कार्यक्रमांत मागून हसण्याचा आवाज येतो म्हणून मुलं हसतात. तो काढला की समोर काहीच उरत नाही. शब्दांच्या विनोदाला ही कसोटी लागू नाही, तिथे कान देऊन ऐकावंच लागतं.

त्या कसोटीतूनच आम्ही मूकपटांपर्यंत पोहोचलो, आणि आठ महिन्यांत सगळ्यात जास्त हसू तिथून मिळालं. चार्ली चॅप्लिनचा १९२५ चा 'द गोल्ड रश' मी भीतभीतच लावला. शंभर वर्षांचा, काळापांढरा, पाट्या इंग्रजी. थोरला म्हणाला, रंग कुठे गेले? पण भुकेलेला चॅप्लिन बूट शिजवतो, ताटात वाढून घेतो, नाडी शेवयांसारखी गुंडाळून खातो आणि खिळे हाडकांसारखे चोखतो, तिथे दोघंही गादीवरून खाली घसरली. धाकटीने विचारलं, त्याने खराच बूट खाल्ला का? तो बूट लिकोरिसचा, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाच्या गोड वड्यांचा केलेला होता. सासूबाई खोकल्यावर मुलांना ज्येष्ठमधाची काडी चघळायला देतात. तेव्हापासून आमच्या घरी त्या काडीचं नाव 'बूट' आहे, आणि पूर्वी तोंड वाकडं करणारी धाकटी आता मागून घेते.

लॉरेल आणि हार्डी पियानो घेऊन लांबलचक जिना चढतात तो १९३२ चा लघुपट बोलपट आहे, पण इंग्रजी न कळताही सगळं कळतं. पियानो वर जातो, घरंगळत खाली येतो, पुन्हा वर. आमच्या जुन्या घराचा जिना अरुंद आणि वळणाचा. दिवाळीत वरच्या मजल्यावर कपाट चढवताना हमाल मधल्या वळणावर अडकले, तेव्हा थोरला खालून ओरडला, 'पियानो!' त्यांनी वर पाहिलं, त्याने त्यांना गोष्ट सांगितली आणि तेही हसले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. काम करणाऱ्या माणसांबरोबर तो हसला होता. जुलैत असं नव्हतं.

'शॉन द शीप' ही मेंढ्यांची मालिका मात्र विचार न करता घ्या. एकेक भाग सातेक मिनिटांचा, शब्द एकही नाही, मातीच्या बाहुल्या किंचित हलवत एकेक चित्र टिपून केलेलं काम. सहा वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजीला एकाच वेळी हसू येतं, भाषांतर करायला कुणी लागत नाही.

या प्रकाराचा तोटाही लिहायला हवा. मुक्या विनोदात पडणं, आपटणं फार. ऑक्टोबरात थोरल्याने बहिणीच्या खालची खुर्ची ओढली. ती पाठीवर पडली, सुदैवाने लागलं नाही. त्यानंतर आम्ही दोघांना घेऊन बसलो आणि पडद्यावर पडणारी माणसं पडण्याचा किती सराव करतात ते सांगितलं. गादीवर पडून दाखवायची मुभा दिली, दुसऱ्याला पाडण्याची नाही. हे आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही आधी सांगा.

आता मराठीबद्दल, कारण माझा जीव त्यात अडकलेला होता. मुलांना मराठीत हसू यावं, एवढी माझी इच्छा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी त्यांना घेऊन गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना आणून राज्यात ग्रंथालयांची घडी बसवली, त्यातलं हे मुख्य ग्रंथालय. लोखंडी कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे हे ऐकूनच मुलं हरखली. आम्ही तिथे गेलो ते चिं. वि. जोशींसाठी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे हे लेखक बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषा शिकवत. महाराष्ट्रात सगळ्यांना चिमणराव माहीत, पण त्यांचे जनक आपल्या गावात राहून लिहीत होते हे इथल्या मराठी मुलांना कुणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

पहिले तीन आठवडे वाचन पार फसलं. सासूबाई वाचायच्या, मुलं जांभया द्यायची. वाक्यं लांब, शब्द जुने, टांगा आणि बंब पाहिलेला नाही. मग त्यांनी पद्धत बदलली. आधी प्रसंग आपल्या शब्दांत सांगायच्या, बंब कसा पेटवायचा ते हातवारे करून दाखवायच्या, आणि मग त्यातलं एकच पान मूळ भाषेत वाचायच्या. पाचव्या आठवड्यात थोरला स्वतःहून म्हणाला, 'आजी, चिमणराव स्वतःचीच फजिती का सांगतात?' मी दारात उभी होते, तिथेच थांबले. माझी कसोटी त्याला मी कधीच सांगितली नव्हती. रोज रात्री वीस मिनिटं चालतं हे. आज जे उरलंय त्यात माझ्या मनात पहिला नंबर याचाच आहे, मूकपटांच्याही वर.

'चिंटू'ची हास्यचित्रं थोरला मराठी वाचायला शिकण्यासाठी वापरतो. तीन-चार चौकटी, थोडेच शब्द, खोडकरपणा मुलांच्या वयाचा. धाकटी चित्रं पाहून आपले संवाद घालते.

गणेशोत्सवात एका मंडळाच्या कार्यक्रमात मुलांना नेलं होतं. बालनाट्य गोड झालं, पण मध्ये सूत्रसंचालक बायकोवरचे विनोद करत राहिला. कार्यक्रम संपल्यावर मी जाऊन शांतपणे सांगितलं की समोर चाळीस मुलं बसली होती. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी निवेदन मुलांनीच करावं असं सुचवून आले आहे, मागे लागणार आहे.

सध्याचा हिशेब असा: पडद्याला आठवड्यात साडेतीन तास, त्यातले बहुतेक शनिवार-रविवारी आणि शक्यतो आमच्यापैकी कुणीतरी बरोबर. वर्गणीचे पैसे वाचले, ते पुस्तकांत गेले. बेन अजून आमच्याकडेच येतात. मागच्या आठवड्यात धाकटीने त्यांना मेंढ्या कुंपणावरून कशा उड्या मारतात ते करून दाखवलं आणि त्या ओट्याला टेकून बराच वेळ हसत राहिल्या.

पुढची अडचण दिसायला लागली आहे. थोरला जूनमध्ये दहाचा होईल, वर्गातली मुलं मोबाइलवरच्या स्टँडअपची वाक्यं बोलतात आणि त्याला मेंढ्या बाळबोध वाटू लागल्या आहेत. दहा ते तेरा वयाला चालेल असं बोलीभाषेतलं, ऐकण्याजोगं मराठी काही कुणाच्या घरी वापरून पाहिलेलं असेल, तर मला ते हवं आहे, आणि मुलांनी त्यातलं कोणतं वाक्य उचललं तेही सांगा.