शाळेच्या सुट्ट्यांतलं कॅरव्हान पिचभाडं: पाच व्हॅनच्या साइट आणि बिनहूक-अपचा संच, एका हंगामाच्या वापरानंतर

आधी बिल बघा. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची बरी साइट, ‘रात्री २८ पौंडांपासून’ अशी पाटी. ऑगस्टमधला शनिवार निवडला की मूळ दरच ४२ होतो. हूक-अपचे (खांबावरून घ्यायच्या विजेचे) ५, दोन मुलांचे ६, ऑनिंगचे (कॅरव्हानला जोडायच्या तंबूचे) ४, कुत्र्याचे ३ धरले की ६० पौंड. त्यात शुक्रवार-शनिवार एकत्रच घ्यायचे, बँक हॉलिडे असेल तर किमान तीन रात्री. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की तेच पिच (कॅरव्हान उभी करायची जागा), तोच नळ, तीच हिरवळ, आणि मूळ दर ३२. हे आकडे समजण्यासाठी गोल केलेत, पण चढत जायचा क्रम हाच असतो. म्हणून ‘पासून’ या शब्दाकडे लक्ष न देता तारखा, माणसं आणि ऑनिंग घालून शेवटच्या पानावरचा आकडाच बघायचा.

हा अनुभव टुरिंग कॅरव्हानचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या. कायम एका जागी उभ्या असलेल्या स्टॅटिकच्या साइट फीचं गणित वेगळं. वापर मार्च ते ऑक्टोबर. संच असा: छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल आणि त्याचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारा), १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, ६ किलोच्या दोन प्रोपेन बाटल्या, ४० लिटरची पाण्याची दोन लोळवायची पिंपं, आणि टॉयलेटची एक जादा कॅसेट (खालची काढून रिकामी करायची टाकी). सगळं मिळून साधारण ७०० पौंड, बाटल्यांचं डिपॉझिट सोडून. उद्देश एकच: शॉवर-ब्लॉक आणि विजेच्या खांबाची गरज संपवायची, म्हणजे शेतकऱ्याच्या साध्या कुरणावर राहता येतं.

ही कुरणं म्हणजे सीएल आणि सीएस. १९६० च्या कॅरव्हान साइट कायद्यात मान्यताप्राप्त संस्थांना एक सवलत आहे: त्यांनी प्रमाणपत्र दिलेल्या जागेवर, काउन्सिलच्या साइट परवान्याशिवाय, एका वेळी पाच कॅरव्हानपर्यंत उभ्या राहू शकतात. कॅरव्हान अँड मोटरहोम क्लबच्या अशा जागांना सीएल म्हणतात, कॅम्पिंग अँड कॅरव्हानिंग क्लबच्या जागांना सीएस. सीएसवर जागा असेल तर दहा तंबूही चालतात. दोन-तीन मराठी कुटुंबं मिळून जाणार असाल, एक कॅरव्हानवाले आणि बाकीचे तंबूवाले, तर सीएसच शोधा. सीएलवर ‘भावाचा तंबू शेजारी लावू का’ असं विचारून मालकाला अडचणीत आणू नका. पाचाचा आकडा कायद्यातला आहे, त्याच्या मर्जीवर नाही.

भाडं इतकं वेगळं का, हे कळलं की दरावर चिडणं थोडं कमी होतं. इंग्लंडमध्ये शाळेचे दिवस १९०, सुट्ट्या साधारण १३ आठवड्यांच्या. त्यातले नाताळचे दोन आठवडे बहुतेक साइटना निरुपयोगी. म्हणजे ११ आठवड्यांत वर्षाची कमाई. पिचभाड्यावर २० टक्के व्हॅट लागतो, म्हणजे ६० पौंडांतले १० थेट सरकारचे. कोविडच्या काळात तो ५ टक्के होता, मग साडेबारा, आणि एप्रिल २०२२ पासून परत २०. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं, नोकरांमागे मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स १५ टक्के झाला, बिझनेस रेट्सची (धंद्याच्या जागेवरच्या कराची) सूट ७५ वरून ४० टक्क्यांवर आली. वॉर्डन, सफाईवाले, रिसेप्शन असलेल्या साइटवर हे सगळं एकदम येतं. पाच पिचच्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नसतं. त्याची उलाढाल ९० हजार पौंडांच्या खाली असेल आणि शेतीसाठीही व्हॅटची नोंदणी नसेल, तर व्हॅटही नाही. म्हणून बिनविजेच्या कुरणाचा दर साधारण १२ ते २० पौंड, आणि बहुतेक ठिकाणी तो ऑगस्टमध्येही तेवढाच. सुट्टीतला दर न वाढणं हाच याचा खरा फायदा.

आता संचाबद्दल. वीज हा सर्वात कमी त्रासाचा भाग निघाला. दिवे, पाण्याचा पंप, चार फोन, संध्याकाळी दोन तास टीव्ही, मिळून दिवसाला २५० वॅट-तासांच्या आसपास. सपाट बसवलेलं १०० वॅटचं पॅनल जून-जुलैच्या स्वच्छ दिवशी ३५० ते ४०० देतं, ढगाळ दिवशी १५०, ऑक्टोबरात शंभर मिळाले तरी खूप. लिथियममधून हजारभर वॅट-तास निर्धास्त काढता येतात, म्हणजे ऊन नसलं तरी चार दिवस. त्याच क्षमतेच्या लेड-ॲसिडमधून निम्मेच काढायचे. व्होल्टमीटर १२.२ ला आला की थांबायचं, नाहीतर दोन हंगामांत बॅटरी मरते. लिथियमचं व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत जवळपास एकसारखं राहतं, त्यावरून काहीच कळत नाही, म्हणून शंट-मॉनिटर (बॅटरीत किती वीज उरली ते मोजणारं यंत्र) लावाच. झाडाखाली पिच घेतलं तर पॅनल शोभेचं. अँटेनाची काठीभर सावलीसुद्धा उत्पादन धाडकन पाडते.

फसवणूक दुसरीकडे आहे. मोटर मूव्हर, म्हणजे गाडी सोडल्यावर रिमोटने कॅरव्हान हलवायचं यंत्र, सपाट काँक्रीटवर ३०-४० अँपिअर घेतं. ओल्या गवतावर, चढाला, ते शंभराच्या वर जातं. स्वस्त लिथियमचं अंतर्गत संरक्षण १०० अँपिअरचं असेल तर ते तिथेच वीज तोडतं. कॅरव्हान अर्धी वळलेली, मागे गेट अडलेलं, आणि रिमोटवर लाल दिवा. बॅटरी खराब झालेली नसते. सगळा भार काढून मिनिटभर थांबलं किंवा चार्जर जोडला की ती परत जागी होते. पण घेतानाच १५० अँपिअर किंवा जास्त सोसणारी घ्यावी. आणखी एक: जुन्या कॅरव्हानमधला चार्जर लेड-ॲसिडसाठी असतो. तो लिथियम पूर्ण भरत नाही, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

स्वयंपाकाच्या बाबतीत मराठी घराला बिनहूक-अपचं राहणं उलट सोपं जातं. कुकर, तवा, कढई, सगळं गॅसवरच. हूक-अपवरच खरी पंचाईत असते: घरची ३ किलोवॅटची किटली लावली तर १३ अँपिअर, आणि १० अँपिअरचा खांब ट्रिप होऊ शकतो. ३ लिटरचा कुकर कॅरव्हानच्या हॉबवर (शेगडीवर) नीट बसतो. ५ लिटरचा मागच्या बर्नरवर काचेच्या झाकणाला टेकतो, आणि तापलेली काच तडकते. फोडणीला स्मोक अलार्म हमखास वाजणार. त्याची बॅटरी काढू नका. आधी छताची खिडकी पूर्ण उघडा, तेल तापायच्या आत. धूर नको म्हणून बंद ऑनिंगमध्ये बर्नर पेटवणं तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत.

गॅसचा हिशेब: फ्रिज दिवसाला साधारण ३०० ग्रॅम, स्वयंपाक दीड-दोनशे, गरम पाणी दीडशे. ६ किलोची बाटली उन्हाळ्यात नऊ-दहा दिवस जाते. हीटर लावला की हा हिशेब कोलमडतो, पूर्ण आचेवर तो तासाला पाव किलोच्या वर खातो, म्हणून ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला (सत्राच्या मधल्या सुट्टीत) हूक-अपचे ५ पौंड देणं स्वस्त. लाल बाटली प्रोपेन, निळी ब्यूटेन. ब्यूटेन गारठ्यात बाष्प होत नाही, सकाळी चहालाच दगा देतं. गॅसवरचा फ्रिज कलता असेल तर थंडच होत नाही. कुरण कधीच सपाट नसतं, तेव्हा लेव्हलिंग रॅम्प आणि पाण्याची पातळी बघायची नळी किंवा स्पिरिट लेव्हल आधी, चहा नंतर.

पाणी आणि टॉयलेट ही खरी मर्यादा. चार माणसांना आंघोळीसकट दिवसाला ७०-८० लिटर लागतात, म्हणजे भरलेली दोन पिंपं. कॅसेट १८ लिटरच्या आसपासची. माहितीपत्रकात तिचे तीन-चार दिवस सांगतात, ते दोन माणसांचे. टॉयलेटमध्ये पाणी वापरणाऱ्या चौघांच्या घरात ती दिवसभरात भरते. म्हणून जादा कॅसेट, आणि रोज सकाळी डिस्पोजल पॉइंटची एक फेरी. सीएलवर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि हा पॉइंट असतोच, पण तो पिचपासून कुठे आहे हे फोनवरच विचारा. दीडशे मीटर चढावर ४० किलोचं पिंप लोळवणं हे सुट्टीतलं काम नाही.

फोनवर आणखी काय विचारायचं: गेटची रुंदी (कॅरव्हान साधारण २.३ मीटर रुंद असते, काही त्याहूनही जास्त), कुठल्या बाजूने यायचं, पाऊस झाला तर बाहेर काढायला ट्रॅक्टर आहे का. सॅटनॅव्ह जवळचा रस्ता दाखवतो आणि तो मधोमध गवत उगवलेल्या बोळात नेतो, जिथे समोरून कापणीचं यंत्र आलं तर मागे घ्यायलाही जागा नाही. मालकाने सांगितलेली वाटच धरा. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पिचवर तोंड उताराकडे ठेवून उभी करा, निघताना चिखलात चाकं फिरत राहत नाहीत.

एक गैरसमज वारंवार दिसतो. जुलै २०२३ पासून इंग्लंडमध्ये ६० दिवसांच्या तात्पुरत्या कॅम्पसाइटना प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, म्हणून स्वस्त शेतं वाढली. पण तो नियम तंबू आणि मोटरहोमचा आहे. ओढायची कॅरव्हान त्यात बसत नाही. तिकडे जाऊन परत फिरावं लागतं.

तारखांची युक्ती दर कमी करते, पण तिलाही किंमत आहे. रविवार ते गुरुवार रात्री घ्या, आठवड्याअखेरचा दर आणि किमान रात्रींची अट दोन्ही टळतात. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या शेवटी सुटतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात, म्हणून ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे तिथे स्थानिक गर्दी ओसरलेली असते (मिज नावाच्या चावऱ्या माश्या मात्र ओसरलेल्या नसतात). लंडनहून सीमेपर्यंत जाऊन-येऊन ६६० मैल. कॅरव्हान मागे असताना गॅलनला २५ मैल धरले तर १२० लिटर, लिटरला दीड पौंडाने १८० पौंड. रात्रीमागे २५ वाचत असतील तर आठ रात्रींशिवाय हा प्रवास परवडत नाही.

‘मग शाळा बुडवूनच जाऊ’ हा हिशेबही करून टाकू. ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडमध्ये विनापरवानगी पाच शाळेचे दिवस बुडाले की दंडाचा विचार होतो: प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. दोन पालक, दोन मुलं, म्हणजे ३२०. पाच रात्रींत पिचवर वाचणारे पैसे याहून बरेच कमी. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर सरळ ६४०, सवलत नाही, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. ‘एरवी हजेरी उत्तम आहे’ हा युक्तिवाद २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात आइल ऑफ वाइटच्या प्रकरणात टिकला नाही. शाळेचा इनसेट डे (शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, मुलांना सुट्टीचा दिवस) शुक्रवारी किंवा सोमवारी आला असेल तर तो मात्र जरूर पकडा.

संच वसूल कधी होतो? सुट्टीत रात्रीमागे ३५ ते ४० पौंड वाचतात धरलं तर वीस रात्रींत ७०० निघतात. क्लबची वर्गणी आणि गॅस वेगळा. वर्षाला आठ-दहा रात्री जाणाऱ्यांना दोन-अडीच हंगाम लागतील. वर्षाला एकच आठवडा जाणार असाल तर हा खटाटोप करू नका, ६० पौंड द्या आणि गरम शॉवर घ्या. पोहण्याचा तलाव, खेळायची जागा, संध्याकाळचा कार्यक्रम यासाठीच मुलं येत असतील तरीही नाही. कुरणात मेंढ्या असतात, बाकी काही नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेंढ्यांचं नावीन्य संपतं.

पुढच्या हंगामासाठी बदल दोनच. दुसरं १०० वॅटचं पॅनल, पण छपरावर न बसवता पाच मीटर वायरवर सुटं, म्हणजे कॅरव्हान सावलीत आणि पॅनल उन्हात. आणि पिंपांसाठी नळाला लावायची चपटी नळी, २५ मीटरची, सोबत दोन प्रकारचे जोड, कारण शेतावरच्या नळाचा आटा कुठला निघेल याचा नेम नाही.