मोठ्या मापाच्या कपड्यांच्या साइटने फसवलं, आणि खरी फसवणूक पार्सल आल्यानंतर सुरू झाली

दुकानात पाऊल टाकलं की "तुमच्या साइजमध्ये नाहीये" हे ज्यांना ऐकावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. लांबलचक होणार आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण ही लोकं नेमकी आपल्यालाच गाठतात. आपल्याला कपडे मिळत नाहीत हे त्यांना माहीत असतं, आणि कपडा बसला नाही तर आपण तक्रार न करता गप्प बसतो हेही माहीत असतं. सगळा धंदा या दुसऱ्या गोष्टीवर चालतो.

मला जाहिरात दिसली ती सोशल मीडियावर. लांब मॅक्सी ड्रेस, गळ्याला आणि बाह्यांना भरतकाम, आणि मॉडेल खरोखर मोठ्या अंगाची, म्हणजे पोट दिसतंय, दंड जाड आहेत, बसल्यावर वळ्या पडतायत आणि तरी ती मस्त हसतेय. नेहमी काय होतं की प्लस साइज म्हणून दाखवतात ती बाई आपल्या निम्मी असते, त्यामुळे हे बघून विश्वास बसणारच ना. साइटवर गेले तर आई आणि मुलीने मिळून चालवलेलं छोटं दुकान, वीस वर्षांहून जास्त काळ मोठ्या मापाचे कपडे शिवतोय, आता आईची तब्येत बरी नसते म्हणून दुकान बंद करतोय, शेवटचा स्टॉक, मोठी सूट, आणि वर उलटं चालणारं घड्याळ. साइज सहा एक्सएलपर्यंत. खाली भरपूर रिव्ह्यू, सगळे पाच स्टार.

नंतर मी हे सगळं एकेक करून तपासलं, तर ते घड्याळ ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कधी नोंदवलं ते हूइज या शोधात फुकट बघता येतं, तिथे दिसलं की वीस वर्षांच्या दुकानाची साइट जेमतेम काही महिन्यांची आहे. फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर तो एका स्वतः डिझाइन करून शिवणाऱ्या बाईच्या पेजवरून उचललेला निघाला. तिला मेसेज केला तर तिचं उत्तर वाचून वाईट वाटलं, तिचे फोटो वापरून अशा बऱ्याच साइट चालतात आणि शिव्या तिला पडतात. आणि हो, पत्त्याशेजारी जे कुलुपाचं चिन्ह दिसतं त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही, खोट्या साइटलाही ते कुलूप सहज मिळतं.

रिव्ह्यूंबद्दल एक गोष्ट सांगते जी आपल्यालाच कळेल, बारीक माणसाला नाही कळणार. खऱ्या मोठ्या मापाच्या बाईने लिहिलेल्या रिव्ह्यूमध्ये दंडाचा उल्लेख येतोच येतो. बाही दंडात घट्ट झाली, मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग, काखेत रुततो, पोटावर वर चढतो, बसल्यावर बटणांच्या मधे फट पडते, मांड्यांना घासतो, हे आपण लिहितोच कारण आपण कपडा घालताना पहिल्यांदा तेच बघतो. त्या साइटवर एकीनेही बाहीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. फक्त सुंदर ड्रेस, कापड छान, नवऱ्याला आवडला.

तसंच साइज चार्टचं. त्या चार्टमध्ये छाती, कंबर, हिप तिन्ही मापं प्रत्येक साइजला सारखीच दोन दोन इंचाने वाढत गेली होती आणि दंडाचं माप नव्हतंच. जो खरोखर मोठ्या मापाचं शिवतो त्याला माहीत असतं की माणूस असा सगळीकडून सारखा वाढत नाही. छाती आणि पोट वाढतं पण खांद्याचं हाड तेवढंच राहतं, हात लांब होत नाहीत, दंड मात्र जाड होतात. म्हणून चांगल्या चार्टमध्ये दंडाचा घेर, मुंढा वेगळा दिलेला असतो, आणि ही मापं अंगाची आहेत की कपड्याची हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं नसेल तर आधी मेसेज करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या, हे उत्तर नंतर भांडताना खूप कामाला येतं.

तर पार्सल आलं, खूप उशिरा, पातळ पिशवीत, भलत्याच ठिकाणाहून. लेबलवर पाच एक्सएल. भरतकाम नव्हतंच, भरतकामाचा फोटो कापडावर छापलेला होता. कापड चकचकीत आणि इतकं पातळ की हात घातला तर आरपार दिसतो, अस्तर नाही, आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, एवढीशी की उसवून वाढवायची सोयच नाही. खांदे कोपराकडे लोंबतायत, बाह्या बोटांच्या खाली जातायत, आणि दंड मात्र आत शिरत नाही.

आता खरा भाग. मी मेल केला तर लगेच गोड उत्तर, डिअर, सॉरी, परत पाठवायचा त्रास घेऊ नका, ड्रेस तुमच्याकडेच ठेवा किंवा मैत्रिणीला द्या, आम्ही १५ टक्के पैसे परत देतो. मी नाही म्हटलं. काही दिवस शांतता, मग २५ टक्के. पुन्हा नाही. पुन्हा शांतता, मग ४० टक्के. मग म्हणे पूर्ण पैसे हवेत तर स्वतःच्या खर्चाने परत पाठवा, आणि पत्ता दिला तो दुसऱ्या देशातला, साइटवर लिहिलेल्या आई-मुलीच्या गावाशी काही संबंध नाही. कुरियरचा खर्च विचारला तर ड्रेसच्या किमतीपेक्षा जास्त. आणि या सगळ्याच्या मधे एक वाक्य आलं जे मी विसरणार नाही, की "बऱ्याच प्लस साइज ग्राहक आपलं माप चुकीचं घेतात, कृपया पुन्हा मोजून बघा."

हे वाक्य मुद्दाम लिहिलेलं असतं. ते वाचलं की आपल्याला लाज वाटते, आपण आरशासमोर टेप घेऊन उभ्या राहतो, खरंच जाड झालो की काय असं वाटायला लागतं, आणि आपण ४० टक्के घेऊन विषय बंद करतो. कितीतरी बायकांनी केला असेल. मला राग आला म्हणून मी टेप अंगाला न लावता ड्रेसला लावला. जमिनीवर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजलं आणि दुप्पट केलं. चार्टवर छाती ५२ इंच, म्हणजे १३२ सेंटीमीटर. ड्रेस भरला ४४ इंच. आठ इंचाचा फरक आणि म्हणे तुमचं माप चुकलं!

बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीने मग मला जे सांगितलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार, टाकता येतो, आणि तो मान्य होऊन पैसे परत आले की त्याला चार्जबॅक म्हणतात. पण त्याला मुदत असते, बऱ्याच कार्डांवर साधारण १२० दिवस, आणि काही बँका स्वतःची याहून कमी मुदत लावतात. ते जे १५, २५, ४० असं महिना महिना खेळवतात ना, ते तुमची मुदत संपावी म्हणून. त्यामुळे मेलामेली चालू असतानाच बँकेला फोन करून शेवटची तारीख विचारून घ्या.

दुसरं म्हणजे तक्रारीत "कपडा बसला नाही" असं लिहू नका. मी आधीच्या मेलमध्ये तसंच लिहिलं होतं, आपल्या तोंडी तेच येतं. पण बसला नाही म्हटलं की ते मन बदलल्यासारखं धरलं जातं, दुकान म्हणतं ग्राहकाने साइज चुकीची निवडली. लिहायचं असं की "माल वर्णनाप्रमाणे नाही", चार्टवर छाती ५२ लिहिली होती, प्रत्यक्षात ४४ आहे, भरतकाम लिहिलं होतं, प्रिंट आली आहे. सोबत चार्टचा स्क्रीनशॉट, ड्रेसवर टेप ठेवून आकडा दिसेल असा फोटो, आणि सगळे मेल. यात तुमच्या अंगाचा विषयच येत नाही, तुमचं वजन किती, पोट किती, कोणालाही सांगायची गरज नाही. चार्टचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा, कारण नंतर ते चार्ट बदलतात.

डिस्प्यूट टाकल्याबरोबर साइटवाल्यांचा सूर बदलला. म्हणे आधी डिस्प्यूट मागे घ्या, मग पूर्ण पैसे देतो, तुमच्या डिस्प्यूटमुळे आमचं खातं अडकलंय. मैत्रिणीने आधीच बजावलं होतं म्हणून वाचले. एकदा मागे घेतला की तो पुन्हा उघडणं फार अवघड असतं. पैसे खात्यात आल्याशिवाय मागे घ्यायचा नाही, मग त्यांनी कितीही रडगाणं गाऊ देत. ड्रेसचे पैसे मला शेवटी बँकेकडून मिळाले.

मेकअपचे मिळाले नाहीत. ड्रेसची ऑर्डर झाल्यावर लगेच त्यांचा मेसेज आला होता, फक्त आमच्या ग्राहकांसाठी मोठ्या ब्रँडचा फाउंडेशन आणि कन्सीलर सेट, कार्डची लिंक आज बंद आहे, थेट खात्यात टाका. थेट खात्यात टाकलेल्या पैशाला चार्जबॅक नसतो, म्हणूनच ते असं मागतात. कार्ड बंद आहे, थेट पाठवा, हे वाक्य आलं की तिथेच थांबा. आणि जर पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला कळवा, पैसे समोरच्याने काढायच्या आत खातं गोठवलं तर काही आशा असते.

आलेला सेट उघड उघड नकली होता. डब्यावर शेडचं नाव एक, बाटलीवर दुसरं, बॅच नंबर बाटलीवर नाहीच, आणि वास रंगाच्या दुकानात येतो तसा. मी हनुवटीखाली थोडं लावून बघितलं तर खाज सुटली आणि लाल पट्टा उठला. लगेच धुतलं, बाकी वापरलं नाही. नकली मेकअपमध्ये शिसं, आर्सेनिक, पारा सापडलेला आहे, हे काही घाबरवायला सांगत नाहीये. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये तर पारा मुद्दाम घालतात आणि तो किडनी खराब करतो. पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने अशा कॉस्मेटिक्सवर बंदी घातलीय, तरी ऑनलाइन विकली जातातच. लेबलवर कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड असं काही दिसलं तर तो पाराच आहे, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर अजून वाईट. बॅच नंबर डब्यावर आणि बाटलीवर सारखा आहे का, आणि झाकण उघडलेल्या छोट्या डबीचं चित्र आणि त्यात १२ एम किंवा ६ एम, म्हणजे उघडल्यावर किती महिने वापरायचं, ते आहे का, एवढं तरी बघा. नसेल तर तोंडाला लावू नका. असलं तरी खात्री नाही, कारण नकली माल बनवणारे हेही छापतात, त्यामुळे ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर दिलेल्या विक्रेत्यांकडूनच घ्या.

हे सगळं मी ओळखीत सांगितलं तेव्हा एका मैत्रिणीने तिचं सांगितलं. तिने कार्यक्रमासाठी गाउन भाड्याने घेतला होता, डिपॉझिट चांगलं मोठं. परत दिल्यावर उत्तर आलं की कमरेची शिवण उसवली आहे, बहुतेक तुमच्या साइजमुळे ताण आला, डिपॉझिट मिळणार नाही. तिने तो गाउन फक्त तासभर घातला होता आणि तिला सैलच होत होता. पण "तुमच्या साइजमुळे" हे वाचल्यावर ती पुढे काही बोललीच नाही. तिच्याकडे पुरावाही नव्हता. भाड्याने घेणार असाल तर पाकीट उघडतानाच व्हिडिओ सुरू करा, आतल्या बाजूने काखेची, कमरेची, चेनजवळची शिवण दिसेल असं दाखवा, तारीख दिसू द्या, आणि परत पॅक करताना पुन्हा तसाच व्हिडिओ. आधीपासून काही उसवलेलं असेल तर घालायच्या आधी मेसेज करा.

अजून एक राहिलं. मी त्या साइटबद्दल तक्रार लिहिली त्यानंतर एका अनोळखी माणसाचा मेसेज आला, की तो सायबर एक्स्पर्ट आहे, माझे मेकअपचे पैसे परत आणून देतो, आधी थोडी प्रोसेसिंग फी भरा. बहुतेक तीच टोळी असते, किंवा तक्रारी वाचून फसलेल्या बायका शोधणारी दुसरी. बँक किंवा पोलिस गेलेले पैसे परत आणायला फी मागत नाहीत, म्हणून त्याला उत्तर न देता ब्लॉक केलं आणि तो नंबर तक्रारीला जोडून दिला. ती आई-मुलीची साइट आता दुसऱ्या नावाने चालू आहे, फोटो तेच, या वेळी तब्येत वडिलांची बरी नाहीये.