लांब पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट: लॅपटॉपवर कोणता मार्ग धरावा?

अहमदपुरात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. शिष्यवृत्ती, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश, जे येईल ते. गेल्या वर्षी एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. शेवटचं पान स्क्रीनच्या चौपट लांब होतं. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून मी त्याचे चार तुकडे काढले आणि पेंटमध्ये एकाखाली एक चिकटवले. दोन महिन्यांनी कार्यालयानं तिला विचारलं, अर्जात कोणता खाते नंबर टाकला होता? तिनं मी जोडून दिलेलं चित्र उघडलं. तिसरा आणि चौथा तुकडा जिथं जुळले, नेमकी तिथलीच ओळ गळाली होती. "सर, त्यात खाते नंबरच दिसंना," तिचा फोन आला. त्या एका ओळीपायी तिला लातूरला दोन चकरा माराव्या लागल्या. तेव्हापासून तुकडे जोडायचं मी पार बंद केलं, आणि पूर्ण पान एका दमात घेणारे सगळे मार्ग रोजच्या कामात वापरून पाहिले. ज्यांना यातला एक निवडायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी पहिली पसंती फायरफॉक्स ब्राउझर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबा, नाहीतर पानावर राइट क्लिक करून स्क्रीनशॉट निवडा. वर दोन बटणं येतात: एक दिसतं तेवढंच घेण्याचं, दुसरं पूर्ण पान सेव्ह करण्याचं. दुसरं दाबलं की पान वरपासून खालपर्यंत एकाच चित्रात येतं. वेगळं काही बसवावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या पोराला एकदा दाखवलं की जमतं.

विंडोजच्या एज ब्राउझरमध्येही कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबलं की पूर्ण पान घेण्याची सोय मिळते. विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर एज आधीपासून असतंच, त्यामुळे नेट अडखळत असेल आणि फायरफॉक्स उतरवून घ्यायला वेळ नसेल तर सरळ एज उघडा. चित्रावर पेनानं गोल करून खूण करता येते, ती समोरच्याला समजावताना कामी येते. दोन्हींत मला चित्राच्या दर्जात फरक जाणवला नाही.

क्रोम बहुतेकांच्या हातात बसलेलं असतं, पण असं सरळ बटण त्यात नाही. कंट्रोल, शिफ्ट, आय दाबून डेव्हलपर टूल्स (साइट बनवणाऱ्यांसाठीची साधनं) उघडायचे, मग कंट्रोल, शिफ्ट, पी, आणि 'स्क्रीनशॉट' हा शब्द इंग्रजीत टाकून पूर्ण आकाराचा पर्याय निवडायचा. फाईल थेट डाउनलोडमध्ये पडते. इथं एक खाच आहे: टूल्सची खिडकी उजव्या बाजूला उघडली तर पानाची रुंदी कमी होते आणि पान मोबाईलसारखं आकसून चित्रात येतं. ती खिडकी तळाला घ्या किंवा वेगळी करा. फार लांब पान असेल तर ठरावीक उंचीनंतर क्रोमचं चित्र बिघडतं, वरचाच भाग खाली पुन्हा उमटतो.

क्रोमसाठी गोफुलपेजसारखी एक्स्टेंशनं, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधनं आहेत. एका क्लिकमध्ये काम होतं, पीडीएफही मिळते. घरच्या लॅपटॉपवर बातम्या किंवा पाककृती साठवायला खुशाल वापरा. माझ्या कामाच्या मशीनवर मात्र मी एकही ठेवलेलं नाही. बरीच एक्स्टेंशनं सगळ्या साइटवरची माहिती वाचायची परवानगी मागतात, आणि या मशीनवर दिवसभर दुसऱ्यांचे आधार नंबर आणि पासबुकं उघडी असतात. लोक आपल्यावर भरवसा टाकून कागद हातात देतात, तिथं ही जोखीम घेणं मला पटत नाही.

ब्राउझरबाहेर काही घ्यायचं असेल, म्हणजे लांबलचक एक्सेल किंवा एखाद्या सॉफ्टवेअरची यादी, तर वरचं काहीच चालत नाही. तिथं विंडोजवर शेअरएक्स. मोफत आहे, खिडकी स्वतः खाली सरकवत फोटो काढतं आणि जोडतं. जुना लॅपटॉप असेल तर स्क्रोलमधला थांबा वाढवा, नाहीतर जोड चुकतो. ते काम करत असताना माऊसला हात लावू नका. ज्या पानात आतल्या चौकटीलाच वेगळी स्क्रोलपट्टी असते, तिथं ब्राउझरचा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट चौकटीतलं खालचं सोडून देतो. अशा पानांनाही मी शेअरएक्सच लावतो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: फायरफॉक्स तिथंही तसंच चालतं, फक्त कंट्रोलऐवजी कमांड. सफारीत फाईल मेनूतून पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट केलं तर अखंड लांब पान मिळतं.

आता कंट्रोल पी दाबून पीडीएफ करणं. अनेकजण याला स्क्रीनशॉटच समजतात, पण दोन्हींचं काम वेगळं. पीडीएफमध्ये तक्त्याची ओळ पानाच्या कडेला तुटू शकते, रंग आणि मांडणी बदलते. पण हेडर-फूटर (पानाच्या वरच्या-खालच्या कडेच्या ओळी) चालू ठेवलं तर पानाचा पत्ता आणि तारीख छापून येते, आणि मजकूर शोधता येतो. ब्राउझरच्या स्क्रीनशॉटमध्ये पत्त्याची पट्टी येतच नाही. म्हणून पुढं पुरावा लागेल असं वाटलं तर मी दोन्ही काढतो: जसं दिसलं तसं चित्र, आणि तारखेसकट पीडीएफ. सातबाऱ्याची गोष्ट निराळी. साइटवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीपुरता असतो, त्याचा कितीही स्वच्छ फोटो बँकेत चालत नाही. तिथं १५ रुपये भरून डिजिटल सहीचाच घ्यावा.

कोणताही मार्ग घ्या, आधी पान एकदा तळापर्यंत सरकवून वर या. बऱ्याच पानांवरची चित्रं खाली गेल्याशिवाय उघडतच नाहीत आणि फोटोत मोकळे चौकोन राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की लांब चित्रातली अक्षरं वाचवत नाहीत. आणि पान बंद करण्याआधी मी फाईल उघडून ज्याचा अर्ज आहे त्याच्यासमोर धरतो, खाते नंबराच्या ओळीवर त्यालाच बोट ठेवायला लावतो.