भुसावळातला पार्सल लॉकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला भुसावळात जामनेर रोडवर, एका किराणा दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला आम्ही पार्सल लॉकर बसवला, म्हणजे घरी कोणी नसलं तर पार्सल ठेवायची कुलूपबंद कप्प्यांची पेटी. आता मृग लागलाय. दिवाळीची गर्दी, मे महिन्याचं ऊन आणि पहिला पाऊस हे सगळं त्या पेटीने बघितलं, म्हणून आता लिहितोय. जळगाव-धुळ्याकडचे फ्रँचायझीवाले अधूनमधून फोन करून विचारतात, "काय भो, घेऊ का लॉकर?" त्यांना प्रत्येकाला अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं.

मी कुरिअरची फ्रँचायझी चालवतो. तीन पोरं, तीन मोटारसायकली. सकाळी गाडी येते, सॉर्टिंग होतं, रनशीट (कोणाचं पार्सल कुठे द्यायचं त्याची यादी) निघते आणि दहाच्या आत पोरं बॅगा घेऊन बाहेर पडतात. आमचं सगळं गणित एका गोष्टीवर चालतं: पार्सल हातात पडलं तरच पैसे. दार बंद असलं तर पेट्रोल आमचं, वेळ पोराचा आणि मिळकत शून्य. उद्या परत तोच जिना. तीनदा असं झालं की पार्सल आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) होऊन पाठवणाऱ्याकडे माघारी जातं.

आणि भुसावळ हे ड्यूटीचं गाव. रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र, ऑर्डनन्स फॅक्टरी. दुपारी बाराला बेल वाजवली तर एक तर कुलूप, नाहीतर रात्रपाळी करून आलेला माणूस गाढ झोपलेला. त्याला उठवताना पोरांनाही जिवावर येतं. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर विचारूच नका. पत्ता सापडत नाही ही आमची अडचण कधीच नव्हती. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी. ४२५२०१ लिहिलं की पार्सल भुसावळात येतंच, पुढचे बोळ पोरांना पाठ आहेत. आता तर टपाल खात्याने २०२५ मध्ये दहा अक्षरांचा डिजिपिन आणलाय, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन अचूक दाखवतो. पण चौकोन सापडला तरी त्यात माणूस नसेल तर काय करायचं? आमच्या लॉकरचा उपयोग तिथे आहे.

पेटीला २४ कप्पे आहेत. पोरगा पार्सलचा बारकोड स्कॅन करतो, आकार निवडतो, कप्प्याचं दार खटकन उघडतं. पार्सल ठेवून दार लोटलं की सेन्सर नोंद घेतो आणि ग्राहकाला सहा आकडी कोड जातो. त्याने येऊन कीपॅडवर तो दाबायचा, बस. ४८ तासांत कोणी आलं नाही तर आम्ही काढून ऑफिसला नेतो. वर कॅमेरा आहे. वीज गेली तर दारं बंदच राहतात, उघडी पडत नाहीत. घेताना एवढं मात्र नक्की विचारून घ्या.

पहिले दोन महिने बरेच लोक लॉकरला हात लावायला तयार नव्हते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बँकवाले वर्षानुवर्षं सांगतायत, ओटीपी कोणाला देऊ नका. पार्सल अडकलंय म्हणून लिंक पाठवून लोकांची खाती साफ करणारे चोरही सगळ्यांना माहीत झालेत. त्यात अचानक मोबाईलवर कोड आला की माणूस बिचकणारच. शेवटी पोरांना एकच वाक्य शिकवलं: "काकू, हा कोड मलाही सांगू नका, तुम्ही स्वतः जाऊन दाबायचा." या वाक्याने जेवढं काम केलं तेवढं आमच्या फ्लेक्सने केलं नाही. सुरुवातीला संध्याकाळी सहा ते आठ एक पोरगा पेटीशेजारी उभा ठेवला होता. चष्मा घरी विसरलेल्या एका आजींना त्याने आकडे एकेक करून दाखवले, दार आजींनीच उघडलं. पुढच्या आठवड्यात त्या शेजारणीला घेऊन आल्या.

दुसरी अडचण मशीन विकणाऱ्याने सांगितलीच नव्हती. ग्राहकाचा खरा नंबर आम्हाला दिसत नाही. ऑनलाइन कंपन्यांच्या ॲपमधून फोन मधल्या नंबरवरून जोडला जातो, मग कोड पाठवायचा कुठे? त्यामुळे पहिल्या फोनलाच पोरगा विचारतो: लॉकरमध्ये ठेवू का, आणि कोड कोणत्या नंबरवर पाठवू? एकदा होकार आणि नंबर नोंदवला की पुढच्या वेळी विचारावं लागत नाही. हा कायमचा होकार रेल्वेच्या रनिंग स्टाफसाठी (धावत्या गाडीवर ड्यूटी असणाऱ्यांसाठी) फार महत्त्वाचा ठरला, कारण गाडी चालवताना लोको पायलटला मोबाईल बंद ठेवावा लागतो. त्याला फोन लावून उपयोगच नसतो.

जानेवारीत बॅटरीची तक्रार आली म्हणून मी रात्री अडीचला पेटीजवळ होतो. युनिफॉर्मवर स्वेटर, खांद्याला बॅग, असा एक माणूस ड्यूटीवरून थेट तिथे आला. कोड दाबला, अकरा नंबरचा कप्पा उघडला. मुलीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेची पुस्तकं होती. म्हणाला, "दोनदा परत गेली होती हो, दादा." पुस्तकं छातीशी धरून तो क्वार्टरकडे गेला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण आपलं पार्सल कोणाच्या किती कामाचं असतं हे त्या रात्री डोळ्यांनी बघितलं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. भिंत पश्चिमेची निवडली. भाडं कमी होतं, रस्त्यावरून दिसत होती, मी भुललो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दुपारी तीननंतर ऊन थेट पेटीच्या पत्र्यावर. एका ताईंच्या पार्सलमधल्या लिपस्टिक वितळून खोक्याबाहेर आल्या. पैसे मी भरून दिले. त्या दिवशी दाराला हात लावला तर चटका बसला, आणि आपली पोरं याच उन्हात चार-चार मजले चढतात हे आठवून जास्त वाईट वाटलं. मग वर पत्र्याची शेड घातली, पेटीला पांढरा रंग दिला, पेटी आणि भिंत यांच्यात चार बोटं जागा सोडली. फरक पडला. तरी औषधं, चॉकलेट, मेकअपचं सामान उन्हाळाभर आम्ही लॉकरमध्ये ठेवलं नाही, आणि कोणी ठेवू नये.

जे जमत नाही तेही लिहितो. कॅश ऑन डिलिव्हरी लॉकरमध्ये जात नाही. पैसे आधी यूपीआयने आले तरच ठेवतो, आणि आपल्याकडे रोख देणारे अजून भरपूर. महागड्या मालाला कंपनीचा वेगळा ओटीपी लागतो. ग्राहकाने फोन उचलला नाही तर ते पार्सल ऑफिसलाच येतं. मोठे कप्पे मी दोनच घेतले, ते कमी पडतात. मिक्सर, कुकर आले की लगेच भरतात. दिवाळीत तर पेटी सकाळी अकरालाच फुल्ल झाली आणि लोक दोन-दोन दिवस न्यायला येईनात. नेटवर्क गेलं की कोड उशिरा पोहोचतो आणि माणूस पेटीसमोर ताटकळतो. दुरुस्तीचा माणूस बाहेरगावहून यायचा, त्याची चार दिवस वाट बघावी लागली. आता सुट्टी कुलपं आणि एक बॅटरी मी जवळच ठेवतो.

पोलंडमध्ये २००९ पासून इनपोस्ट कंपनीचे असे लॉकर आहेत. तिथे माणूस ऑर्डर देतानाच लॉकर निवडतो, त्यामुळे गाडी एका जागी थांबते आणि कितीतरी पार्सलं एकदम उतरतात. खरी बचत ती. आमच्याकडे आधी घरी जायचं, दार बंद दिसलं की लॉकर. पण कायमचा होकार दिलेल्या घरांपुरतं आमचंही पोलंडसारखंच झालंय. त्यांची पार्सलं पोरगा सकाळी निघतानाच एका फेरीत ठेवून मोकळा होतो. पूर्वी चार वाजेपर्यंत चालणारा त्या भागातला रूट आता दीडच्या सुमारास संपतो, आणि मेच्या उन्हात पोरं दोन वाजता घरी जेवायला होती.

दिवाळीआधी दुसरा लॉकर घेतोय, खडका रोडला. या वेळी मोठे कप्पे सहा सांगितलेत. भिंत उत्तरेची आहे, भाडं जास्त पडतंय, पण समोर कडुनिंबाची दाट सावली आहे. ती बघूनच मी विसार दिला.