कार्बोरेटर रिपेअर कीट: पाकिटातलं काय बसवायचं, काय बाजूला ठेवायचं

जुन्या कार्बोरेटरची गाडी आयडलिंगला पेट्रोल ढोसू लागली, सायलेन्सरमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायला लागले, की सल्ला ठरलेला असतो: "कीट टाकून घे." पाकिटात साधारण इतका माल निघतो: पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल बारीक भोकातून मोजून सोडणारा), मेन जेट (उघड्या थ्रॉटलचं पेट्रोल मोजणारा), जेट निडल, फ्लोटचा निडल व्हॉल्व्ह (फ्लोट म्हणजे चेंबरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता तुकडा, आणि ही त्याची सुई; कधी ती बसते त्या सीटसकट), मिक्श्चर स्क्रू आणि त्याची स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग, फ्लोट चेंबरचं पॅकिंग, शिवाय दोन-चार सुट्या ओ-रिंगा. मूळ कंपनीचं नसलेलं, एकाच पाकिटावर पाच-सहा मॉडेलची नावं छापलेलं कीट हा इथला विषय आहे. आमचं मत आधीच सांगतो: त्यातलं रबर आणि फ्लोटची सुई कामाची, पितळ, म्हणजे जेट वगैरे, बहुतेक बाजूला ठेवण्याजोगं. आणि आयडलिंग रिच होण्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाण्याची, निम्मी कारणं या पाकिटात नसतातच.

म्हणून पाकीट फोडण्याआधी गाडी खरंच रिच आहे का ते बघा. इंजिन पुरतं तापू द्या, दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. रिच गाडी थंडीत चोकशिवाय चालू होते आणि तापली की नखरे करते. उभ्या गाडीला एक झटका रेस देऊन सोडा: आरपीएम नेहमीच्या आयडलिंगच्याही खाली बुडून, धडपडत वर आले किंवा गाडी बंदच पडली तर मिश्रण रिच. उलट रेस सोडल्यावर आरपीएम वरच लटकून राहिले आणि सावकाश उतरले तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. प्लग काढून बघायचा असेल तर जुन्या काळवंडलेल्या प्लगवरून निदान करू नका. नवा प्लग लावा, गाडी फिरवून आणा, तीन-चार मिनिटं आयडलिंगला ठेवा आणि मग काढा. बोटाला लागणारी कोरडी, मखमली काजळी म्हणजे जास्तीचं पेट्रोल. ओलसर, चकचकीत काळं म्हणजे ऑइल वर येतंय, आणि त्यावर कार्बोरेटरच्या कीटचा काडीचाही उपयोग नाही. ठिणगी कमजोर असली तरी पेट्रोल अर्धवट जळून अशीच काजळी धरते. तेव्हा प्लगची कॅप, तिच्यात शिरणारं वायरचं टोक आणि प्लगचा गॅप आधी तपासा. फुकटचं काम आहे.

मग मिक्श्चर स्क्रू. इथे बरेच लोक उलटे फिरवतात. थ्रॉटलबरोबर हवेची वाट उघडणाऱ्या स्लाइडच्या किंवा बटरफ्लायच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला स्क्रू असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. मिकुनी या जपानी कंपनीच्या जुन्या व्हीएम प्रकारात बहुतेक हवेचा असतो, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये बहुतेक पेट्रोलचा. तो हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा आणि परत तेवढाच बाहेर काढा. आता तापलेल्या इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी दहाएक सेकंद थांबा. गाडी सर्वांत गोड कुठे चालते ते बघा. बऱ्याच गाड्यांवर ही जागा एक ते अडीच फेऱ्यांमध्ये येते. हवेचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे काढावा लागत असेल, किंवा पेट्रोलचा पाऊण फेऱ्याच्या आत आणावा लागत असेल, तर पायलट जेट मोठा आहे किंवा पेट्रोल भलत्याच वाटेने येतंय.

पेट्रोलचा स्क्रू पूर्ण बंद केला तरी गाडी निवांत चालूच राहते, हे चित्र ओळखून ठेवा. याचा अर्थ आयडलिंगचं पेट्रोल स्क्रूच्या वाटेने येतच नाही. पहिला संशय थ्रॉटल स्टॉप स्क्रूवर, म्हणजे आयडलिंगचे आरपीएम ठरवणाऱ्या स्क्रूवर घ्या. कोणीतरी तो इतका चढवून ठेवलेला असतो की बटरफ्लाय उघडी राहून बायपासची बारीक भोकं मोकळी होतात आणि मिक्श्चर स्क्रूचं काही चालत नाही. तो उतरवूनही फरक पडला नाही, तर खालच्या तीन ठिकाणी बघा. तिन्ही ठिकाणचं सामान कीटमध्ये सहसा नसतं.

एक, चोक. प्लंजरवाल्या चोकच्या टोकाला रबराची चकती असते. ती कडक झाली किंवा तिच्यावर सीटची गोल खाच पडली की चोक बंद असूनही पेट्रोल गळत राहतं. केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील हवीच, ती नसेल तर प्लंजर पूर्ण बसतच नाही. कार्बोरेटर उतरवलेला असेल तर चोक बंद ठेवून त्याच्या वाटेत नळीने फुंकर मारा, हवा पलीकडे जाता कामा नये.

दोन, व्हॅक्यूमवर उघडणारा पेट्रोल कॉक. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इनटेकमध्ये ओढलं जातं, कार्बोरेटरला पत्ताही लागत नाही. नळी काढून बघा. आतून ओली असेल, थेंब पडत असेल, तर चोर सापडला. कार्बोरेटर उघडायचं कारण नाही.

तीन, हवेची वाट. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर आयडलिंगला थोडाच फरक पडतो, थ्रॉटल उघडल्यावर जास्त. पण पायलटची हवा येण्याचं जे बारीक भोक कार्बोरेटरच्या तोंडाशी असतं, ते चिकट घाणीने अर्धवट बुजलं तर आयडलिंग हमखास रिच होतं. स्क्रू हवेचा असला तरी तो बाहेर काढून काही होत नाही, कारण हवा मुळातच येत नाही.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर फ्लोट चेंबरमधली पातळी बघा. ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, ती चेंबरच्या बाजूने वर धरा आणि ड्रेन स्क्रू ढिला करा. नळीत जिथे पेट्रोल थांबेल तिथे आतली पातळी. ती चेंबर आणि बॉडीच्या सांध्यापासून किती खाली हवी, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. पातळी चढलेली असेल तर गाडी आयडलिंगलाच काय, सगळीकडे रिच चालेल. हे सगळं गार इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि आसपास ज्योत नसताना.

पातळी चढलेली निघाली तर कीट आणणं सार्थकी लागलं.

फ्लोटची सुई हा पाकिटातला सर्वांत मोलाचा तुकडा. जुन्या सुईच्या रबरी टोकावर भिंगातून पाहिलं की सीटने पाडलेलं कडं दिसतं, नख फिरवलं तर अडकतंही. अशी सुई बदलायलाच हवी. मात्र कीटमधली सुई जुनीशेजारी उभी करून लांबी ताडून बघा. अर्धा मिलिमीटर फरक क्षुल्लक वाटतो, पण फ्लोट म्हणजे तरफ आहे. बिजागरीजवळचा तो फरक फ्लोटच्या टोकाशी दोन-तीन पट होऊन बसतो. सुई आखूड निघाली तर पातळी चढते आणि नवं कीट टाकूनही गाडी पहिल्यापेक्षा रिच होते. कीट टाकल्यावर गाडी बिघडल्याची जी ओरड असते, तिच्यातली बरीचशी इथली असते. तेव्हा नवी सुई म्हणजे फ्लोटची उंची नव्याने मोजणं आलंच. कार्बोरेटर तिरका धरा, फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगवाल्या टाचणीला नुसती टेकली पाहिजे, टाचणी दबता कामा नये. त्या स्थितीत पॅकिंगच्या कडेपासून फ्लोटच्या दूरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. अंतर कमी म्हणजे पेट्रोलची पातळी जास्त, हे उलटं गणित लक्षात असू द्या. जीभ वाकवायची ती किंचितच, आणि फ्लोट हातात दाबून तर अजिबात नाही.

सीट काढता येत असेल तर तिच्याखालची ओ-रिंगही बदला, कारण सुई नवी असूनही पेट्रोल सीटच्या बाहेरून झिरपू शकतं. सीट पक्की बसवलेली असेल तर कापसाच्या काडीवर थोडं मेटल पॉलिश घेऊन फिरवा, मग धुऊन काढा. शेवटी कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलकं फुंका. फ्लोटच्या वजनाने वाट बंद राहिली पाहिजे. आणि फ्लोट पितळी पोकळ असेल तर कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर बारीक भोक पडलंय. फ्लोट बहुतेक कीटमध्ये मिळत नाही.

ओ-रिंगा आणि पॅकिंग चांगले असतात, निदान जुन्या चपट्या झालेल्यांपेक्षा तरी बरे. पॅकिंग कोरडंच बसवा, सीलंट लावू नका. त्याचा तुकडा सुटला तर तो जेटमध्येच जाऊन बसतो. जुनं पॅकिंग उघडल्यावर फुगून खाचेत बसेनासं झालं तर फेकू नका, दिवसभर सुकू दिलं की बहुधा आकसतं. रबराच्या पडद्यावर आणि ओ-रिंगांवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारू नका, रबर फुगतं.

मिक्श्चर स्क्रूच्या ओ-रिंगेसाठी तरी हे कीट घ्यावं, स्क्रूसाठी मात्र नाही. स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर, मग ओ-रिंग असा क्रम लागतो, ओ-रिंग टोकाच्या बाजूला. जुनी ओ-रिंग बहुतेक भोकातच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली की स्क्रू कधीच नीट बसत नाही. बारीक तारेचा हूक करून ती काढा. कीटमधल्या स्क्रूचं टोक जुन्याशेजारी ठेवून बघा. निमुळतेपणा वेगळा असेल तर मॅन्युअलमधल्या फेऱ्यांना काही अर्थ उरत नाही. मूळ स्क्रूचं टोक शाबूत असेल तर तोच परत बसवा. कोणी जोरात आवळून बॉडीतलं भोकच पसरवलं असेल, तर पेट्रोलवरचा ताबा कायमचा गेला, कीट काय करणार!

आता पितळ. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, आणि तेवढ्याशा भोकाची कड ओबडधोबड असली तरी आयडलिंग बदलतं. कीटच्या जेटवर नंबर नसेल तर तो बसवूच नका. नंबर असला तरी मिकुनी आणि केहीन या दोन कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळवू नयेत, मोजमापाची पद्धत वेगळी आहे. मूळ जेट तुंबला असेल तर भिजत घाला, हवेने फुंका, फार तर तांब्याच्या वायरची एक तार फिरवा. पोलादी सुई किंवा ड्रिल कोणी घातलं असेल तर भोक मोठं झालं आणि तिथूनच रिचपणा सुरू झाला. अशा वेळी त्याच नंबरचा मूळ बनावटीचा जेट आणा.

मेन जेट आणि जेट निडल पाकिटात सर्वांत चमकतात, पण आयडलिंगशी त्यांचा संबंध नगण्य. निडलची क्लिप वरखाली केल्याने बदलतो तो मधला थ्रॉटल. झिजून लंबगोल झालेला निडल जेट (ज्या नळीत निडल वरखाली होतं ती) मात्र थ्रॉटल किंचित उघडताच रिच करतो, आणि कीटमध्ये नेमका तोच बऱ्याचदा नसतो. निडलवर झिजेचा चकाकता पट्टा दिसला तर निडल आणि निडल जेट दोन्ही जोडीने, मूळ नंबरचे घ्या.

काही जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत पायलट जेटच्या भोकावर रबराचं छोटं बूच असतं. तिथे पायलटला पेट्रोल थेट चेंबरमधून न मिळता आतल्या वाटेने मोजून मिळावं, म्हणून. सफाई करताना ते हरवलं की तो सिलिंडर धूर ओकतो, मग जेट कितीही बदला. कीटमध्ये बूच आहे का ते आधी विचारा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर खापर फोडण्याआधी एक लक्षात घ्या: इथेनॉलने मिश्रण लीनच्या बाजूला सरकतं, रिचच्या नाही. ते जुन्या रबराला मात्र त्रास देतं, आणि चोकची चकती किंवा सुईचं टोक खराब झालं तर पुढचा रिचपणा आपोआप येतो.

एक अवजारही हवं, ते कीटबरोबर येत नाही. जपानी कार्बोरेटरचे स्क्रू साध्या फुलीच्या पेचकसाचे नसतात, जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. साधा पेचकस वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खातो. चेंबरचे चार स्क्रू काढताना हमखास.

सगळं जोडून झालं की लगेच किक मारू नका. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर गेलेली असली, तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलंय. आधी ऑइल बदला, मग गाडी चालू करा. जुने जेट कीटच्या रिकाम्या पाकिटात घालून वर नंबर आणि स्क्रूचे फेरे लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाकिटावर छापलेल्या यादीपेक्षा तीच चिठ्ठी जास्त उपयोगी पडते.