हळदीला बोलेरो वाजवणारी बँजो पार्टी

पार्टीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि मास्तरचं मन मोडायचं नाही. अमळनेरजवळच्या एका खेड्यातली आठ जणांची बँजो पार्टी, एवढं पुरे. यंदा वैशाखात भाचीच्या हळदीला बोलावली होती. बावीस हजार ठरले, पाच हजार सुपारी दिली.

आधी माझा रोग सांगतो. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक टेप टाकून गेलं ते परत आलंच नाही. आत अडकलेली कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून लावली, तर गिटारी आणि तीन गळे. ट्रिओ लॉस पांचोस. स्पॅनिशचा एक शब्द कळेना, तरी दुकान आवरताना रोज तीच लावायचो. माहिती मिळाली ती फार पुढे, मोबाइल आल्यावर. हे तिघं 1944 साली न्यूयॉर्कला जमले. दोघं मेक्सिकोचे, एक पोर्टो रिकोचा. असल्या गाण्यांना बोलेरो म्हणतात. क्यूबातल्या सांतियागोत एकोणिसाव्या शतकात जन्मलेली, चार मात्रांची, सावकाश चालीची प्रेमगीतं. 2023 साली युनेस्कोने क्यूबा आणि मेक्सिको दोघांच्या नावाने त्यांना वारशाच्या यादीत घेतलं.

त्या तिघांतल्या अल्फ्रेदो गीलने रेकिंतो नावाची लहान गिटार आणली. साध्या गिटारीपेक्षा मध्यमाइतकी चढी लावतात. गळे थांबले की मधल्या जागेत ती चिवचिवते. ते ऐकून मला कायम वाटायचं, अरे, हा तर आपला बँजो! टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचा तोच. लग्नाचं निमित्त मिळालं आणि मास्तरला दोन गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली.

मास्तरने ऐकली आणि म्हणाला, “मामा, यानावर लोके नाचतीन कसा?”

म्हटलं, नाचू नका, डोला.

दहा दिवसांत बँजोवाल्या पोराने कानाने बसवलं, कागदावर एक अक्षर नाही. तालमीला गेलो तर ऑक्टोपॅडवाला सवयीने दामटत होता. चार वेळा थांबवला. या गाण्यांना मराकास लागतात, म्हणजे वाळक्या भोपळ्यात बिया घालून केलेला खुळखुळा. ऑक्टोपॅडमधला तसला आवाज पत्र्यासारखा लागत होता, म्हणून मास्तरच्या पुतण्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मूठभर दादर घातली. ज्वारीचे दाणे ते, पण काय सुरेख सर्र-सर्र! पूर्ण कार्यक्रमातली सगळ्यात चांगली वस्तू ती बाटली.

हळदीच्या दिवशी पार्टी दीड तास उशिरा आली. बायका हळद कालवून बसलेल्या. पण “बेसामे मुचो” सुरू झालं आणि मी राग विसरलो. मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केस या पियानो वाजवणाऱ्या बाईचं गाणं. बाई सांगायच्या की लिहिलं तेव्हा त्यांनी कुणाचं चुंबन घेतलेलंच नव्हतं. नावाचा अर्थ वरमाईने विचारला. मी म्हटलं, “लवकर परत या, असं काहीसं.” खरा अर्थ ‘मला खूप चुंबनं दे’, मांडवात आणखी काय सांगणार?

बँजोने सूर धरला होता. मिंड मात्र जमत नाही, बटणाचं वाद्य ते. जिथे गळा घसरत खाली येतो तिथे हा पायऱ्या उतरतो. इको कमी करा म्हणून तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वाढला.

खरा घोटाळा दुसऱ्या गाण्यानंतर. मास्तरच्या मोबाइलवर माझ्या गाण्यांच्या मागोमाग आपोआप तिसरं लागलं होतं, ते त्याला आवडलं आणि न विचारता बसवलं. “इस्तोरिया दे उन आमोर”. पनामाच्या कार्लोस एलेताने भावाची बायको वारल्यावर 1955 मध्ये लिहिलेलं. मी ते मुद्दामच पाठवलं नव्हतं. आणि वाजलं सगळ्यांत चांगलं तेच! नवरीच्या आत्या, काकू, मावश्या हातावर हळद घेऊन डोलायला लागल्या. वहिनीने लांबूनच विचारलं, गाणं चांगलं आहे ना? मी मान हलवली. मास्तरला अर्थ अजून सांगितलेला नाही.

वरातीत मात्र त्यांनी तेच गाणं डीजेच्या ठेक्यावर उडवलं. तिथे मी घरात जाऊन बसलो.

हिशेबाला जनरेटरच्या डिझेलचे बाराशे वेगळे मागितले, ठरलेले नव्हते. आठशेवर मिटलं. आठही जण वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी पोटभर जेवले, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पाचपैकी साडेतीन. हळदीला बोलवा, वरातीला नको. गाणी स्वतः मोजून द्या, एका तालमीला समोर बसा, डिझेलचं आधी बोलून घ्या. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी सुपारी द्या, नंतर यांच्या तारखा मिळत नाहीत. बाटली माझ्याकडेच राहिली आहे, पुढच्या गिऱ्हाइकाने मागितली तर देईन.