प्रमाणपत्र खरे, पण दुसऱ्याच खेळण्याचे

चुंबकाने एकमेकांना चिकटणाऱ्या रंगीत चौकोन-त्रिकोणांचा एक संच मी मुलासाठी ऑनलाइन मागवला होता. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘३ वर्षांपुढील मुलांसाठी’, ‘बिनविषारी’ आणि ‘युरोपीय मानकांनुसार तपासलेले’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि मोठ्या केलेल्या छायाचित्रात प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर धातूचे रिव्हेट, म्हणजे दोन भाग जखडून ठेवणाऱ्या खिळ्या, स्पष्ट दिसत होते. हे रिव्हेट मी मुद्दाम पाहिले होते. अशा तुकड्यांत प्लास्टिकच्या दोन कवचांच्या मध्ये, कडेने, चुंबक बसवलेले असतात आणि ती कवचे नुसत्या गोंदाने जोडलेली असली, तर खेळणे चार वेळा आपटल्यावर सांधा उकलण्याची भीती असते. म्हणून चांगले उत्पादक सांधा वेल्डिंगने पक्का करतात आणि त्यावर रिव्हेटही मारतात.

घरी आलेल्या संचात रिव्हेटच्या जागी चंदेरी ठिपके होते. नखाने खरवडताच रंग निघून आला आणि खाली प्लास्टिकचा उंचवटा दिसला, म्हणजे साच्यातच रिव्हेटचा आकार काढून त्यावर चंदेरी रंग फासला होता. एका त्रिकोणाची कड अंगठ्याने दाबल्याबरोबर फाकली आणि आतले बारीक चुंबक बाहेर पडून एकमेकांना इतके घट्ट चिकटले की ते सुटे करायला मला चांगलाच जोर लावावा लागला. खोक्यावर वयाचा जो स्टिकर होता, त्याची एक कड उचलून पाहिली, तर खाली छापलेले वय वेगळेच निघाले: १४ वर्षांपुढे. ही छपाईतली चूक नव्हे. जाणूनबुजून केलेला हा प्रकार आहे, कारण १४ वर्षांपुढचा आकडा छापला की ती वस्तू मुलांचे खेळणे ठरत नाही असा दावा करून खेळण्यांच्या नियमांतून पळवाट काढता येते, आणि वर स्टिकर लावला की तीच वस्तू लहान मुलांच्या नावाने विकता येते.

सुट्या चुंबकांचा धोका लहान मणी गिळण्यापेक्षा फार वेगळा आहे, हे अनेक पालकांना माहीत नसते. मणी बहुतेक वेळा शौचावाटे बाहेर पडतो. मात्र दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले गेले, तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांमधून एकमेकांना खेचतात, मधल्या भिंती चिमटीत सापडतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडू शकते. सुरुवातीला फक्त पोट दुखते किंवा उलट्या होतात, त्यामुळे साधा अपचनाचा त्रास समजून वेळ जातो. याच कारणाने खेळण्यांच्या सुरक्षेसाठीच्या आयएसओ ८१२४ (आंतरराष्ट्रीय) आणि ईएन ७१ (युरोपीय) या दोन्ही मानकांत चुंबकांसाठी स्वतंत्र नियम आहेत. खेळणे आपटून, पिळून, ओढून पाहिल्यावर चुंबक सुटला आणि तो ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावला, तर त्याचा फ्लक्स निर्देशांक, म्हणजे खेचण्याच्या ताकदीचे माप, ५० पेक्षा कमी असलाच पाहिजे.

मी विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागितला, तेव्हा त्याने तो तत्परतेने पाठवला. अहवाल खोटा वाटत नव्हता, आणि फसवणुकीची खरी खुबी तिथेच होती. त्यावरचा मॉडेल क्रमांक आमच्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, छायाचित्र लाकडी ठोकळ्यांचे होते आणि तपासणी केवळ ईएन ७१ च्या तिसऱ्या भागानुसार झालेली होती. तिसरा भाग शिसे, कॅडमियम यांसारखी घातक मूलद्रव्ये खेळण्यातून बाहेर येतात का, एवढेच पाहतो. चुंबक, सुटे भाग, टोकदार कडा हे सगळे पहिल्या भागात येते. ‘ईएन ७१’ एवढे वाचून समाधान मानणाऱ्या पालकाला हा फरक कळणार नाही, याची विक्रेत्याला पक्की खात्री असावी. खोक्यावर सीई ही, वस्तू युरोपीय नियमांत बसते असे सांगणारी, खूणही होती. पण बहुतेक खेळण्यांवर ही खूण उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, कोणी सरकारी अधिकारी ती तपासून देत नाही. शिवाय उत्पादकाचे नाव, पत्ता आणि बॅच क्रमांक खोक्यावर कुठेच नव्हते, आणि ज्या वस्तूला धनीच नाही तिच्यावरील खुणेला कवडीची किंमत नसते.

या तफावती दाखवून दिल्यावर विक्रेत्याने अर्धे पैसे परत देण्याची तयारी दाखवली, मात्र मी लिहिलेला अभिप्राय आधी काढून टाकावा, अशी अट घातली. मी नकार दिला. पुढे त्याची जाहिरात गायब झाली आणि तीच छायाचित्रे दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाखाली दिसू लागली, म्हणून एखादे खेळणे मागवण्याआधी त्याचे चित्र इंटरनेटवर शोधून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. एकच चित्र चार वेगळ्या नावांखाली आढळले, तर तिथून खरेदी करू नये.

अशा निनावी खेळण्यांत बटणाच्या आकाराचे सेलही सापडतात. त्यांच्या कप्प्याचे झाकण स्क्रू काढल्याशिवाय किंवा दोन वेगळ्या हालचाली एकत्र केल्याशिवाय उघडता कामा नये. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि खेळण्यात न चालणारा ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. चुंबक किंवा सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि काय गिळले असावे हे तिथे स्पष्ट सांगावे, जेणेकरून लगेच एक्स-रे काढला जाईल.

आमचा फुटलेला त्रिकोण, स्टिकरसह खोके, अहवालाची प्रत आणि विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद मी जपून ठेवला आहे. विक्रेते ‘वस्तू परत पाठवा, मग बघू’ असे म्हणतात, तेव्हा निदान छायाचित्रे आणि एखादा तुकडा स्वतःकडे ठेवल्याशिवाय काहीही परत करू नये, कारण ग्राहक तक्रार यंत्रणेकडे किंवा उत्पादन-सुरक्षेच्या अधिकाऱ्यांकडे गेल्यावर पहिली मागणी त्या वस्तूचीच होते.